उज्जैनची सत्तावीस मिनिटं

आबांची १९५६ सालची खिशातली डायरी माझ्याकडे आहे. निळसर पुठ्ठा, कोपरे उंदरानं खाल्लेले, आत बहुतेक हिशेबच: दूध, कोळसा, धोबी, सुपारी. बुधवार, ३१ ऑक्टोबरच्या पानावर मात्र पैशाचा हिशेब नाही. तिथे तास लिहिले आहेत, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे दोन-चार शब्द. सगळ्यात खाली: ‘रात्रौ १२. बुडणार.’

बुडणार होतं ते राज्य. मध्य भारत. आज हे नाव महाराष्ट्रात सांगितलं तर ‘म्हणजे मध्य प्रदेशच ना?’ असं विचारतात, आणि आबा असते तर त्यांनी जेवणाचं ताट सरकवून दिलं असतं. शिंद्यांचं ग्वाल्हेर, होळकरांचं इंदूर आणि माळव्यातली लहानमोठी संस्थानं, अशी पंचवीस एकत्र करून २८ मे १९४८ रोजी हा संघ उभा राहिला. उद्घाटनाला पंडित नेहरू ग्वाल्हेरला आले होते. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. आठ वर्षं आणि पाच महिन्यांनी तो संघ आणखी मोठ्या संघात विरघळणार होता.

आबा उज्जैनच्या विक्रीकर कचेरीत कारकून. त्याआधी ग्वाल्हेर दरबारच्या सायर, म्हणजे जकात, खात्यात नाकेदार. म्हणजे माणसानं सगळी उमर सरहद्दीवर काढलेली, आणि सरहद्दी त्याच्या पायाखालून एकेक करून काढून घेतल्या गेलेल्या. त्या दिवसाचा हा घटनाक्रम मी त्यांच्या पानावरून, त्यांनी पुढे पन्नास वेळा सांगितलेल्या गोष्टीवरून आणि कायद्याच्या पुस्तकांवरून जुळवला आहे.

पहाटे ४. उरले २० तास

महाकाळाच्या देवळात भस्मारती सुरू होण्याची वेळ. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. आमच्या घरात आश्विन वद्य त्रयोदशी, शेजारच्या मालवी घरात तीच तिथी कार्तिक वद्य. एका भिंतीच्या अल्याड-पल्याड दोन महिने नांदत होते आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

दिल्लीत मात्र सगळं एका महिन्यात आणि एका मिनिटात बसवलेलं होतं. ३१ ऑगस्ट १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा म्हणत होता की ‘नियत दिवस’ १ नोव्हेंबर. त्याच दिवशी घटनेची सातवी दुरुस्ती अंमलात येणार होती. मध्य भारताचे सोळा जिल्हे, महाकोशलचे सतरा, विंध्य प्रदेशाचे आठ आणि भोपाळचे दोन, अशा त्रेचाळीस जिल्ह्यांचं नवं मध्य प्रदेश. क्षेत्रफळानं मुंबई राज्याखालोखाल देशातलं सगळ्यात मोठं राज्य. मंदसौरकडचा सुनेल टप्पा राजस्थानात जायचा, राजस्थानातलं सिरोंज इकडे यायचं. कुणाच्या तरी शेताचा बांध रात्रीतून दोन राज्यांची हद्द होणार होता, कुणाचा हद्दीचा दगड नुसता दगड.

या सगळ्यात एक गोष्ट फारशा कुणाच्या लक्षात आली नाही. संस्थानांचे संघ भारतात आले तेव्हा त्यांना जुळवून घ्यायला उसंत दिलेली होती. घटनेचं २७८वं कलम केंद्राशी पैशांचे वेगळे करार करू देत होतं, ३०६वं कलम आपल्या हद्दीत येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर चालू ठेवू देत होतं. दोन्हींची मुदत फार तर दहा वर्षं. सातव्या दुरुस्तीनं दोन्ही कलमं उडवली. दहा वर्षांची उसंत पावणेसात वर्षांतच संपली. आबांच्या डायरीत पहाटे चारपुढे एवढंच आहे: ‘झोप नाही.’

सकाळी ७. उरले १७ तास

धाकटा भाऊ दिवाळीला आगरहून येणार म्हणून आबा स्टेशनवर. १९५६ चं उज्जैन स्टेशन म्हणजे या विषयावरचं उघडं पुस्तकच होतं, कारण तिथे तीन मापांचे रूळ होते. नागद्याकडून येऊन भोपाळकडे जाणारी मोठी लाइन. फतेहाबादवरून इंदूरकडे जाणारी मीटर गेज. आणि आगरची नॅरो गेज, ग्वाल्हेर दरबारनं १९३२ साली सुरू केलेली चिमुकली गाडी, जिला घरातली पोरं ‘धापा’ म्हणत.

तीन रूळ म्हणजे तीन हमाली. आगरचं कापसाचं गाठोडं इंदूरला जायचं तर उज्जैनला उतरवा, डोक्यावर घ्या, दुसऱ्या फलाटावर चढवा. अंतर दीडशे पावलांचं, पण त्या पावलांना पैसे पडतात, माल भिजतो, एखादी गोणी फाटते, एखादी हरवते. कापूस तोच आणि खरेदीदारही तोच. पण मधे तुटक रूळ असला की दोघांच्या खिशातून थोडं थोडं गळतं आणि ते कुणाच्याच वहीत दिसत नाही. संघात सामील होण्याचा जो फायदा अर्थशास्त्री सांगतात, तो मुख्यतः या न दिसणाऱ्या गळतीचा असतो. म्हणूनच ती गळती थांबली तरी कुणी पेढे वाटत नाही.

आणि ज्याचं पोट त्या गळतीवर चालतं, त्या हमालाचं काय? हे आबांना सकाळी सातला सुचलं की पुढे कधीतरी, सांगता येत नाही. ते सांगताना ‘स्टेशनवर उभा असताना वाटलं’ असंच सांगत. धापा उशिरा आली. तिच्या डब्यांचा मालक १९५० सालीच बदलला होता. १ एप्रिल १९५० ला संस्थानी रेल्वे केंद्राकडे गेल्या, त्याच दिवशी केंद्राचा आयकरही या मुलखात आला. रूळ दिले आणि कर घेतला, असं आबा म्हणत. तो वाक्प्रचार त्यांना फार आवडायचा. अर्थात तो पूर्ण खरा नव्हता. रुळांच्या मागून दिल्लीचा पैसाही येत होता, पण तो आबांच्या कचेरीच्या दारावरून जात नसे.

सकाळी १०.३०. उरले साडेतेरा तास

कोठीतली कचेरी. टेबलावर तीन गोष्टी: छापील पावत्यांचे गठ्ठे, लाखेची पेटी आणि रबरी शिक्का, गोल, ‘मध्य भारत शासन’ लिहिलेला. मोठ्या बाबूंनी सांगितलं, सगळं मोजा आणि यादी करा. उद्यापासून पावतीवर ‘मध्य भारत’ खोडून वर हातानं ‘मध्य प्रदेश’ लिहायचं. नवे कागद छापून येईपर्यंत असंच.

ज्या कायद्याखाली आबा कर गोळा करत, त्याचं नाव मध्य भारत विक्रीकर कायदा, संवत २००७. सन नाही, संवत. मध्य भारताचे कायदे विक्रम संवतात निघत, आणि ज्या विक्रमाच्या नावाचा तो शक, त्याच्याच नगरीत आबा त्या कायद्याची पावती फाडत. एवढ्याशा राज्यानं एवढा डौल बाळगावा याचं आज हसू येतं. आबांना येत नसे.

आता त्या कायद्याची गंमत बघा. पुनर्रचनेच्या कायद्यात तरतूद होती की राज्य बदललं तरी ज्या भागात जो कायदा होता तो नवी विधानसभा बदलेपर्यंत तसाच राहील. म्हणजे १ नोव्हेंबरला एकच राज्य, एकच मुख्यमंत्री, पण जबलपूरच्या दुकानदाराला जुना सीपी-बेरारचा विक्रीकर आणि उज्जैनच्या दुकानदाराला संवत २००७चा. नकाशा एका रात्रीत जोडला गेला, बाजार नाही. साऱ्या राज्याला एकच विक्रीकर लागू व्हायला १ एप्रिल १९५९ उजाडावा लागला. दोन वर्षं आणि पाच महिने एका राज्यात अनेक देश होते.

त्यात तंबाखूचं प्रकरण. मध्य भारतात बाहेरून येणाऱ्या तंबाखूवर विक्रीकर होता, इथे पिकलेल्यावर नव्हता. घरच्याला सूट आणि पाहुण्याला पट्टी. आबांनी हा कर वर्षानुवर्षं इमानदारीनं वसूल केला. पुढे व्यापारी कोर्टात गेले आणि १९६४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: घटनेच्या ३०१व्या कलमानं देशभर व्यापार मोकळा आहे, हा भेदभाव चालणार नाही, कर परत करा. फार उशिरा दाद मागणाऱ्यांना मात्र परतावा मिळाला नाही. निवृत्तीला टेकलेले आबा निकाल वाचून म्हणाले, “म्हणजे मी इतकी वर्षं दरोडा घालत होतो तर. पावती देऊन.”

दुपारी १२ वाजून १० मिनिटं. उरले ११ तास ५० मिनिटं

या नोंदीपुढे डायरीत ‘वेधशाळा’ आहे. कचेरीतून सुटी मिळाली असेल असं वाटत नाही. तंबाखू खायला म्हणून निघाले असतील आणि क्षिप्रेच्या बाजूला पाय वळले असतील.

सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पडीक झाली होती. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करून घेतली आणि गोविंद सदाशिव आपट्यांच्या हाती दिली. तिथल्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत ध्रुवाकडे रोखलेली आहे. तिची सावली बाजूच्या संगमरवरी चापावर सरकते आणि उज्जैनची स्वतःची वेळ दाखवते. उज्जैन म्हणजे जुन्या ज्योतिषाचं शून्य. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी मध्यरेषा याच गावावरून धरायची, आणि साऱ्या भारताचे ग्रह इथल्या मध्यान्हावरून मोजायचे.

मग १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली. ती साडेब्याऐंशी रेखांशाची. उज्जैन पावणेशहात्तरच्या जरासं पुढे. फरक पावणेसात अंशांचा, म्हणजे सत्तावीस मिनिटांचा. ज्या गावावरून वेळ मोजत, ते गाव साऱ्या देशाच्या मागे सत्तावीस मिनिटं जाऊन बसलं. रेल्वेला, तारेला, कचेरीला एक वेळ हवी होती, आणि तिचा फायदा इतका मोठा होता की उज्जैनच्या मध्यान्हासाठी रडणारा मूर्ख ठरला असता. घड्याळांचाही संघच तो.

ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य आपल्या सरासरीच्या सोळा मिनिटं पुढे धावतो, त्यामुळे सावलीत आणि हातातल्या घड्याळात फक्त साडेदहा मिनिटांचा फरक उरतो. म्हणून बारा वाजून दहा. आबांच्या घड्याळात ते वाजले तेव्हा सावली ऐन मध्यावर आली. तिथल्या कुणीतरी त्यांना सोळा मिनिटांचं आणि सत्तावीस मिनिटांचं गणित समजावून सांगितलं असावं, कारण पानाच्या समासात पेन्सिलीनं ते मांडलेलं आहे, आणि २७ या आकड्याभोवती दोनदा गोल काढलेला आहे.

दुपारी २. उरले १० तास

डबे उघडले. एक बाबू ग्वाल्हेरच्या लष्करचा, एक इंदूरचा, तिसरे आबा. वाद राजधानीचा, आणि तो आठ वर्षं रोज होत होता. मध्य भारताला दोन राजधान्या होत्या, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. काही महिने शिंद्यांकडे, काही होळकरांकडे. पानिपतानंतरही न मिटलेलं भांडण सरकारी खर्चानं चालू ठेवायची ही युक्ती. वर्षातून दोनदा फायली, कारकून, त्यांच्या बायका, पाटे-वरवंटे आणि शाळेतली पोरं यांची वरात निघे. एखादी फाइल मागितली की उत्तर ठरलेलं: ‘ती ग्वाल्हेरला आहे.’ ग्वाल्हेरला विचारलं की ‘इंदूरला गेली.’

आबांचा मुद्दा असा की ही चैन परवडत नव्हती हे कबूल, पण ती आपली चैन होती. लष्करच्या बाबूंचा मुद्दा साधा होता: राजधानी गेली की माझ्या घराचं भाडं पडणार. त्या तिघांत खरा अर्थशास्त्री तोच.

नव्या राज्याच्या राजधानीसाठी राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं जबलपूर सुचवलं होतं, झाली भोपाळ. मग नाराजांना एकेक वाटी देण्यात आली. जबलपूरला उच्च न्यायालय, ग्वाल्हेरला महसूल मंडळ, इंदूरला लोकसेवा आयोग, शिवाय दोघांनाही न्यायालयाची खंडपीठं. उज्जैनला विद्यापीठ. १ मार्च १९५७ ला विक्रम विद्यापीठ सुरू झालं आणि माधव कॉलेजच्या पोरांच्या परीक्षा आग्रा विद्यापीठाकडे असायच्या, त्या घरी आल्या. पण त्याचा कायदा मध्य भारतानंच करून ठेवला होता. मरताना बापानं पोरीच्या लग्नाचे पैसे बाजूला काढून ठेवावेत तसं.

सायंकाळी ४. उरले ८ तास

पटनी बाजार. माईंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, सांगितलेलं पितळी पातेलं घ्यायचं होतं. भांडीवाला, सराफ, कापडवाला, कुणाच्याही चेहऱ्यावर राज्य बुडण्याची चिंता नव्हती. लक्ष्मीपूजन परवावर आलेलं, वह्या-चोपड्यांना कुंकू लावायची घाई. आबांनी एका आडत्याला विचारलं, उद्यापासून काय होणार? तो म्हणाला, “बाबूजी, साहब बदलेगा, भाव नहीं।”

त्याचं बरोबर होतं. व्यापाऱ्याचा फायदा १९४८ सालीच होऊन गेला होता. त्याआधी उज्जैनहून इंदूरला माल न्यायचा म्हणजे पंचावन्न किलोमीटरांत राज्य बदलायचं. सांवेर लागलं की होळकरांची हद्द. देवासकडून गेलात तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, अशा दोन पवारांचा अंमल. रतलाम वेगळं, जावरा वेगळं, धार वेगळं. प्रत्येकाचा नाका, प्रत्येकाचा नाकेदार, आणि आबा त्यांतलेच एक. गाडीवान पैसे देई, दोन पेरू देई, कधी शिव्या देई. मध्य भारत झालं आणि हे आतले नाके उठले. कापूस, गूळ, शेंगदाण्याचं तेल सरळ जाऊ लागलं. नागद्याला ग्वाल्हेरचं नाव लावलेला रेयॉनचा कारखाना १९५४ साली चालू झाला. त्याचा बाजार माळव्याएवढा नव्हता, देशाएवढा होता. बेचाळीस कोसांच्या राज्यासाठी असला कारखाना कोण काढतो?

पण याच पटनी बाजारात अफूच्या काळातल्या गोष्टीही निघत. मोठ्या बाजाराचं दार दुसऱ्याच्या हातात असलं की काय होतं, याची ती गोष्ट. कंपनी सरकारनं ठरवलं की माळव्याच्या अफूची पेटी मुंबई बंदरातून जायची तर पास घ्यावा लागेल. पास महाग वाटला की व्यापारी उंटांवर माल लादून वाळवंटातून कराचीकडे काढत आणि तिथून दमणला. १८४३ साली सिंध इंग्रजांनी घेतला. पळवाट बुजली, आणि सव्वाशे रुपयांचा पास पाच वर्षांच्या आत चारशेवर गेला. उज्जैनच्या सराफांना एवढं कळायला कुठल्या विद्यापीठाची गरज पडली नाही.

सायंकाळी ६. उरले ६ तास

पावणेसहाला सूर्य मावळला. माईंनी कणकेचा दिवा केला, त्यात तेल घातलं, आणि उंबऱ्याबाहेर दक्षिणेकडे वात करून ठेवला. धनत्रयोदशीचं यमदीपदान, घरात कुणाला अपमृत्यू येऊ नये म्हणून.

आबा पायरीवर बसून होते. म्हणाले, “एक दिवा आज राज्याच्या नावानं ठेव.”

माईंनी पदराला हात पुसले. “कुठल्या?”

“कुठल्या म्हणजे? आपल्या.”

“अठ्ठेचाळीस साली ग्वाल्हेर बुडालं म्हणून दोन दिवस जेवला नव्हता. हेच मध्य भारत तेव्हा तुम्हाला परकं होतं. इंदूरवाल्यांच्या गळ्यात बांधलं म्हणत होता.”

आबांजवळ याला उत्तर नव्हतं. माझ्याजवळ थोडं आहे. संघात शिरताना माणूस जे गमावतो त्याची यादी तोंडपाठ असते: माझा नाका, माझा शिक्का, माझा साहेब. मिळणार ते अजून कुणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे त्याची यादी दुसऱ्यांनी लिहिलेली असते. आठ वर्षांनी मिळालेलं हाताला लागतं, अंगवळणी पडतं, आणि नेमकं तेव्हा नवं निमंत्रण येतं. मग कालचा परका संघ आजचा मुलूख होतो आणि आपण त्याच्यासाठी रडतो. उज्जैनला तर याची सवयच. १८१० साली दौलतरावांनी राजधानी इथून उचलून लष्करला नेली, तेव्हाही कुणीतरी याच गल्लीत पायरीवर बसलंच असेल.

दिवा मात्र माईंनी ठेवला. दुसरा, लहान.

रात्री ९. उरले ३ तास

शेजारच्या वकिलांकडे रेडिओ. बातम्यांत मध्य प्रदेश एका मिनिटात आटोपलं. बाकी सगळं सुएझ. इस्रायलचं सैन्य सिनाईत शिरलेलं, आणि त्याच रात्री इंग्रज-फ्रेंच विमानांनी इजिप्तवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. आबांना काळजी कालव्याची नव्हती, पण वकील हिशेबी होते. म्हणाले, आता यंत्रं केपला वळसा घालून येणार, गिरण्यांचे सुटे भाग महागणार.

रेडिओवर आलं नाही ते असं: त्याच महिन्यात ब्रुसेल्सजवळच्या एका वाड्यात सहा देशांचे लोक एकच बाजार करण्यावर अडून बसले होते. २० आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांची पॅरिसची बैठक फिसकटली होती. फ्रान्सची हरकत आबांना चटकन कळली असती. आमच्याकडे बायकांना पुरुषांइतकं वेतन, भरपगारी रजा जास्त, ओव्हरटाइम महाग. नाके काढलेत तर तुमचा स्वस्त माल आमचे कारखाने बसवील. सुएझनं फ्रान्सला एकटं पाडलं, ६ नोव्हेंबरला जर्मनीचे आडेनाउअर पॅरिसला आले, तड लागली, आणि २५ मार्च १९५७ ला रोमचा करार झाला. त्यात जकाती उठवायला बारा वर्षं दिली, तीन टप्प्यांत. ज्यांचं काम जाईल त्यांच्यासाठी निधी, इटलीच्या गरीब दक्षिणेसाठी बँक. आणि एवढी सवड दिल्यावर जकाती उठल्या त्या दीड वर्ष आधीच, १ जुलै १९६८ ला.

त्यांनी शहाणपण केलं आणि आपण मूर्खपणा, असं मला म्हणायचं नाही. आपण एका देशात होतो, ते सहा होते. आपल्याला नकार द्यायची मुभा नव्हती, म्हणून सौदाही करता आला नाही. पण ‘कुणाचं काय जाईल’ हा प्रश्न टेबलावर मांडून त्यावर दिवसचे दिवस घालवणं आणि ‘नियत दिवस’ जाहीर करणं, यांत आबांच्या आयुष्याची कित्येक वर्षं बसतात. कारण पुढे सुरू झाली ती ज्येष्ठतेची यादी. ‘एक-अकरा-छप्पनला तुम्ही कुठल्या पदावर होता?’ चार राज्यांचे कारकून एका शिडीवर बसवायचे; महाकोशलचा हेडक्लार्क आणि मध्य भारताचा हेडक्लार्क यांत वर कोण? कच्ची यादी, हरकती, पक्की यादी, खटले. ‘एक-अकरा-छप्पन’ हे आमच्या घरात जन्मतारखेसारखं म्हटलं जाई. आबा अकरा जागा खाली गेले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांतल्या चारच वर चढले.

रात्री ११. उरला १ तास

भोपाळात शपथविधीची तयारी. नागपुराहून आलेले रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होणार, पट्टाभि सीतारामय्या राज्यपाल. राज्यपालांना शपथ देणार मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला. शुक्लांचं वय ऐंशीला टेकलेलं. बरोबर दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, ते दिल्लीत वारले.

आणि नागपूर? महाराष्ट्रातल्या वाचकाला या रात्रीचं खरं दुखणं तिथे सापडेल. १८६१ पासून राजधानी असलेलं ते शहर त्याच बाराच्या ठोक्याला राजधानी राहणार नव्हतं. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात, मराठवाडाही तिकडेच. मराठी मुलूख एका छपराखाली येत होता, आणि आम्ही उज्जैन-इंदूर-देवास-धारचे मराठी त्याच घटकेला एका भल्या मोठ्या हिंदी राज्याच्या कोपऱ्यात सरकत होतो. आमच्यासाठी कुणी मागणी केली नाही, आम्हीही केली नाही. माळव्याची सवय झाली होती. पोह्यांवर शेव पडली की माणूस चळवळ करत नाही.

रात्री १२

डायरीतली शेवटची ओळ इथली आहे, पण ती आधीच लिहून ठेवली असावी. शाई दिवसाच्या बाकी नोंदींसारखीच आहे.

जिवाजीराव राजप्रमुख राहिले नाहीत, तख्तमल जैन मुख्यमंत्री राहिले नाहीत. गोपाळ मंदिराकडे फटाके वाजले, ते दिवाळीचे.

रात्री १२ वाजून २७ मिनिटं

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, तेव्हा लंडनच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले होते. घटका ठरली ती ब्रुसेल्सच्या मध्यरात्रीनं. सत्तेचाळीस वर्षं ज्याच्यात राहिलो त्यातून निघायची वेळसुद्धा त्याच्याच घड्याळावर. ती बातमी वाचली तेव्हा मला आबांच्या पानावरचा दोनदा गोल काढलेला २७ आठवला, आणि त्या पानाखालचा जांभळा डाग काय आहे ते पहिल्यांदा नीट बघितलं.

दिल्लीच्या बारा वाजता उज्जैनच्या स्वतःच्या घड्याळात अकरा तेहतीस झाले होते. आबांनी घरातलं टेबलावरचं घड्याळ सत्तावीस मिनिटं मागे केलं आणि माईंना म्हणाले, “अजून आहे आपलं राज्य.” एवढं माई सांगत. त्या सत्तावीस मिनिटांत त्यांनी काय केलं हे मात्र त्या कधी बोलल्या नाहीत. भिंगातून पाहिलं की डागात अर्धगोल दिसतो आणि त्यात ‘मध्य भा’ एवढी अक्षरं वाचता येतात. सरकारी शिक्का घरी आणणं हा तेव्हाही गुन्हाच होता.

पहाटे ४

नरक चतुर्दशी. महाकाळाला या दिवशी उटणं लावतात आणि गरम पाण्यानं स्नान घालतात. थंडीभर मग गरम पाणीच, फाल्गुनापर्यंत. आमच्या अंगणात तांब्याचा बंब पेटला. उज्जैनच्या बाजारात कारीट मिळायचं नाही, माई त्याच्याऐवजी एक कडू कवंडळ आणून ठेवत. ते आबांनी डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडलं.

१ नोव्हेंबरच्या पानावर पुन्हा हिशेब सुरू झालेला आहे. दूध चार आणे. उटणं दोन आणे. घड्याळ लावून घेतले. शाई, खोडण्यासाठी लाल, एक बाटली.